किनाऱ्याकिनाऱ्याने फुकेत बाईक वीकला: गाइडेड मोटरसायकल सहलीची सविस्तर तयारी

बँकॉकहून निघायचं, थायलंडच्या आखाताला डावीकडे ठेवत दक्षिणेकडे उतरायचं, मलाय द्वीपकल्प जिथे सर्वांत अरुंद होतो तिथे आडवं पलीकडे जायचं आणि अंदमान समुद्राच्या बाजूने फुकेत गाठायचं. हायवे सोडून किनाऱ्याची वळणं घेत गेलात तर अंतर साधारण साडेनऊशे किलोमीटर भरतं. शेवटच्या टप्प्यावर फुकेतमधल्या पाटोंगची बाईक वीक, म्हणजे मोटरसायकलवाल्यांची रॅली.

हे अंतर दोन दिवसांतही कापता येतं आणि तशा पद्धतीने आखलेल्या टूर विकल्याही जातात. माझं मत अगदी उलट आहे. रॅली हे निमित्त आहे, सहल रस्त्यावर आहे. रायडिंगला सहा दिवस द्या, मध्ये एक दिवस गाडी उभी ठेवा आणि रॅली सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी पाटोंगमध्ये पोहोचा. पुढचं सगळं नियोजन याच हिशेबाने मांडलं आहे.

आधी तारखा, मग बाकीचं

फुकेत बाईक वीक एप्रिलच्या पूर्वार्धात, सोंगक्रानच्या आगेमागे होते. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे आयोजकांनी त्या जाहीर केल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष, 13 ते 15 एप्रिल. या दिवसांत लोक रस्त्याच्या कडेला पिंपं मांडून, पिकअपच्या मागे टाक्या चढवून येणाऱ्या-जाणाऱ्यावर पाणी फेकतात. पायी असाल तर फार मजा येते. साठच्या वेगात तोंडावर बादलीभर पाणी आलं तर मात्र रायडर पडतो. त्यात दारू आणि गावी जाणाऱ्यांची गर्दी मिसळते. थायलंड सरकार या काळात 'सात धोक्याचे दिवस' म्हणून रस्ते सुरक्षेची मोहीम राबवतं, आणि त्या आकडेवारीत मोटरसायकलींचा वाटा दरवर्षी सर्वांत मोठा असतो.

म्हणून कॅलेंडर उलटं मोजा. 11 एप्रिलच्या संध्याकाळनंतर लांब पल्ल्याचं रायडिंग नको. रॅली सोंगक्रानच्या आधी असेल तर एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बँकॉक सोडा. रॅलीचा काही भाग सोंगक्रानच्या दिवसांत येत असेल तर तोवर गाडी परत करून टाका आणि ते दिवस पायी काढा. परतीचं विमान फुकेतहूनच घ्या, कारण गाडी घेऊन पुन्हा बँकॉक गाठण्यात तोच रस्ता, जास्त गर्दी आणि थकलेलं शरीर एवढंच हाती लागतं. एकमार्गी भाड्यासाठी गाडी परत नेण्याचा खर्च कंपनी वेगळा लावते. तो द्यावा.

एप्रिल हा तिथला सर्वांत तापलेला महिना. अंदमानच्या बाजूचा मोठा पाऊस मे ते ऑक्टोबरमधला, पण एप्रिलमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि येतो तेव्हा जोरात येतो. वाटेत लागणाऱ्या रानोंगबद्दल तर थाई लोकच म्हणतात, आठ महिने पाऊस आणि चार महिने ऊन. कोकणात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गाइडेड म्हणजे नेमकं काय मिळणार, ते लिहून घ्या

चांगल्या गाइडेड राइडमध्ये चार गोष्टी असतात: पुढे रस्ता माहीत असलेला लीड रायडर, रायडरांत सर्वांत मागे राहून सगळ्यांवर लक्ष ठेवणारा 'स्वीप', त्यामागे सामान आणि सुटे भाग घेऊन येणारी सपोर्ट व्हॅन, आणि त्या व्हॅनमध्ये एखादी गाडी चढवण्याची सोय. बऱ्याच टूरमध्ये स्वीप आणि मेकॅनिक एकच माणूस असतो. ते चालतं. लीड आणि स्वीप दोघं मिळून एकच असतील तर ती गाइडेड राइड नव्हे, तो फक्त ओळखीचा माणूस सोबत आहे.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न असे. ग्रुपमध्ये किती गाड्या? एका लीडमागे आठ-दहापेक्षा जास्त नकोत. दिवसाचं सर्वांत लांब अंतर किती? अडीचशेच्या वर सांगितलं तर कारण विचारा. गाडी बिघडली तर बदली गाडी किती वेळात? अपघात झाला तर हॉस्पिटलमध्ये माझ्यासोबत थाई बोलणारं कोण थांबणार, आणि उरलेल्या ग्रुपला तेव्हा कोण पुढे नेणार? या शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे तयार उत्तर आहे, त्याने हे काम खरोखर केलेलं असतं.

आणखी एक मुद्दा आपल्याकडे जवळजवळ कुणीच तपासत नाही. थायलंडमध्ये टूर चालवायला आणि गाइड म्हणून काम करायला तिथल्या पर्यटन विभागाचा परवाना लागतो, 2008 च्या कायद्याने. टूर गाइडचं काम तर थाई नागरिकांसाठीच राखीव आहे. म्हणजे पुण्या-मुंबईचा ग्रुप लीडर कितीही अनुभवी असला तरी त्याच्याबरोबर परवानाधारक स्थानिक कंपनी आणि थाई गाइड असायला हवा. त्या कंपनीचा परवाना क्रमांक मागा. पोलिस चौकीवर किंवा विम्याच्या वेळी हा क्रमांक उपयोगी पडतो.

पॅकेज भारतातल्या एजन्सीकडून घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला कर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण सहलीच्या बजेटमध्ये तेवढी रक्कम काही महिने अडकलेली धरा.

लायसन्स, आयडीपी आणि विमा

इथे ढिलाई चालत नाही. बाकी सगळं गाइड सांभाळेल, हे तुमचं तुम्हालाच सांभाळायचं आहे.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, आपल्या आरटीओतून मिळतो. सारथी पोर्टलवर फॉर्म 4ए भरायचा, लायसन्स आणि पासपोर्टच्या प्रती जोडायच्या, फी भरायची. तो एक वर्ष चालतो, किंवा लायसन्स आधी संपत असेल तर तोपर्यंत. 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलेला हा आयडीपी थायलंडमध्ये मान्य आहे. हातात आल्यावर आत उघडून बघा: मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे का? ज्यांच्या लायसन्सवर फक्त कारची नोंद आहे त्यांना तो शिक्का मिळणार नाही. तिथल्या भाड्याच्या दुकानात गाडी मात्र तरीही मिळेल, कारण दुकानदार पासपोर्टपलीकडे फार काही बघत नाही. फरक पडतो तो पडल्यावर. दुचाकीचं वैध लायसन्स नसताना झालेल्या अपघातात प्रवास विमा हात वर करतो.

विम्याची पॉलिसी वाचताना तीन वाक्यं शोधा. मोटरसायकल चालवणं त्यात धरलं आहे की वगळलं आहे. सीसीची मर्यादा आहे का, बऱ्याच पॉलिसी 125 किंवा 150 सीसीवर थांबतात. आणि रॅली हा शब्द 'स्पर्धा' म्हणून वगळलेल्या यादीत येतो का. बाईक वीक हा मेळावा आहे, शर्यत नाही, तरीही विमा कंपनीकडून तसं ईमेलवर लेखी घ्या. गाडीवर तिथला सक्तीचा विमा असतो, त्याला 'पो रो बो' म्हणतात. त्यातून मिळणारा वैद्यकीय खर्च मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या बिलापुढे अगदी तोकडा पडतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

थायलंडमध्ये उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. मे 2025 पासून ते सक्तीचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत, तेव्हा पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. व्हिसाचे नियम अलीकडच्या काळात बदलत आले आहेत, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवरच बघा.

फोनमध्ये तीन नंबर घालून ठेवा: रुग्णवाहिका 1669, पोलिस 191, टुरिस्ट पोलिस 1155. पासपोर्ट गाडीची अनामत म्हणून कुणाकडेही ठेवू नका. रोख किंवा कार्डावरची अनामत चालते, आणि जिथे चालत नाही तिथून गाडी घेऊ नका.

गाडी निवडणं आणि ताब्यात घेणं

या रस्त्याला 300 ते 500 सीसीची गाडी पुरून उरते. चढ फार नाहीत, वेग साठ ते नव्वदच्या मधे, आणि दिवसातून अनेकदा तुम्ही समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळू पसरलेल्या गल्लीत वळणार आहात. जड क्रूझर रॅलीत दिमाखदार दिसते, पण उतारावरच्या रेतीत एका पायावर पेलताना तिचं वजन कळतं. सरळ बसता येईल अशी होंडाची 500 किंवा रॉयल एनफिल्डची हिमालयन, अशा गाड्या मी सुचवेन. डावीकडून वाहतूक असल्यामुळे आपल्याला रस्त्याची बाजू नव्याने शिकावी लागत नाही, ही मोठी सोय.

ताबा घेताना घाई करणारे लोक नेहमी असतात, विशेषतः सकाळी सगळे हेल्मेट घालून तयार असताना. तरीही पंधरा मिनिटं घ्या. मोबाइलवर गाडीचा पूर्ण फेरा मारून व्हिडिओ काढा, ओरखडे बोटाने दाखवत, तारीख बोलत. मग टायरच्या बाजूला वाकून चार आकडी कोड शोधा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1820 लिहिलं असेल तर तो टायर 2020 च्या अठराव्या आठवड्यात बनला आहे. पाच वर्षांपेक्षा जुना टायर वरून खोल नक्षीचा दिसला तरी रबर कडक झालेलं असतं, आणि ओल्या रस्त्यावर कडक रबर धरत नाही. बदलून मागा. चेन मधोमध बोटाने वर-खाली हलवून बघा, चाक फिरवून दोन-तीन जागी. कुठे ताठ आणि कुठे सैल लागत असेल तर ती चेन संपत आली आहे. ब्रेक ऑइलचा रंग, दोन्ही ब्रेक, सगळे दिवे, हॉर्न. सीटखाली नोंदणीच्या हिरव्या पुस्तकाची प्रत आणि सक्तीच्या विम्याचा कागद आहे ना, ते बघा.

पेट्रोल पंपावर गॅसोहोल, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, 91 किंवा 95 भरा. ई20 गाडीच्या टाकीवर लिहिलं असेल तरच. ई85 कधीच नको.

उकाडा हा या राइडचा खरा घाट

लडाख करून आलेले रायडर थंडीची तयारी चोख करतात आणि उकाड्याला हलक्यात घेतात. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की जाळीच्या जॅकेटमधून येणारा वारा त्वचेपेक्षा गरम असतो. तो कोरड्या अंगावर घेतला तर उष्णता आत येते. म्हणून प्रत्येक थांब्यावर आतला टी-शर्ट पाण्याने भिजवून पुन्हा घाला. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, दुसऱ्या दिवसापासून सगळा ग्रुप नळाखाली उभा असतो.

उपाय वेळेचा आहे. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. साडेसहाला गाड्या सुरू, साडेदहाला मोठा थांबा, एकच्या आत मुक्काम. दर तासाला पाणी, आणि दोन बाटल्यांमागे एक ओआरएसची पुडी. नुसतं पाणी पीत राहिलात तर अंगातलं मीठ कमी होऊन डोकं जड होतं. गिअर चुकायला लागले, वळणावर उगाच ब्रेक दाबला जाऊ लागला, सोबत्याच्या साध्या बोलण्याचा राग आला, तर पुढच्या सावलीत थांबा आणि लीडला सांगा. घाम यायचा थांबला असेल तर राइड तिथेच संपली, तुम्ही व्हॅनमध्ये.

कपड्यांत जाळीचं आर्मर जॅकेट, घोटा झाकणारे बूट, जाळीचे हातमोजे. हेल्मेट स्वतःचंच न्या, केबिनमध्ये हातात घेऊन. चालक आणि मागे बसणारा दोघांनाही ते सक्तीचं आहे. रेनकोट जॅकेटच्या वरून चढणारा घ्या, आणि तो व्हॅनमध्ये न टाकता गाडीवरच बांधा. वळीव आला तेव्हा व्हॅन नेमकी पाच किलोमीटर मागे असते.

ग्रुपमध्ये चालवण्याची रीत

आदल्या संध्याकाळी लीड ही माहिती देतो आणि अर्धे लोक ऐकत नाहीत. तुम्ही ऐका.

सरळ रस्त्यावर गाड्या आलटून पालटून: एक लेनच्या उजव्या अंगाला, पुढची डाव्या अंगाला. आपल्याच ओळीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद, तिरप्या गाडीपासून एक. वळणं सुरू झाली की ही रचना सोडायची आणि एकामागोमाग एक यायचं, म्हणजे प्रत्येकाला वळणात पूर्ण लेन मिळते.

वाट चुकू नये म्हणून चांगले लीड 'मार्कर' पद्धत वापरतात. लीड वळला की त्याच्या लगेच मागचा रायडर त्या कोपऱ्यावर थांबतो आणि येणाऱ्यांना दिशा दाखवतो. सगळे गेले, स्वीप आला, की तो स्वीपच्या पुढे सामील होतो. पुढच्या वळणावर दुसरा थांबतो. या पद्धतीत कुणालाच पुढच्याचा पाठलाग करावा लागत नाही. मागे पडलात तरी कोपऱ्यावर माणूस उभा असणारच. मात्र ती एका अटीवर चालते: स्वीप दिसेपर्यंत कोपरा सोडायचा नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ऊन लागतंय, तरी नाही. मागे पंक्चर झालेलं असेल. तुम्ही हललात की मागचे सगळे सरळ निघून जातात. थांबताना गाडी पक्क्या जागेवर, सावली मिळाली तर सावलीत, पण येणाऱ्याला लांबून दिसेल अशीच लावा.

थाई रस्त्यांवर दोन धोके खास आहेत. पहिला, यू-टर्न. चौपदरी हायवेला मधोमध दुभाजक, आणि ठरावीक अंतरावर वळायला फट. समोरच्या दिशेने आलेला पिकअप तिथून वळून थेट तुमच्या उजव्या, वेगवान लेनमध्ये शिरतो आणि तिथून हळूहळू डावीकडे सरकतो. यू-टर्नचा बोर्ड दिसला की वेग कमी, दोन बोटं ब्रेकवर, आणि त्या पिकअपच्या पुढच्या चाकाकडे बघा. चालकाचा चेहरा फसवतो, चाक फसवत नाही. दुसरा धोका कडेच्या पट्ट्यातला. मोटरसायकलने डावीकडून चालावं असा नियम आहे, आणि त्याच पट्ट्यातून उलट दिशेने साइडकारवाल्या गाड्या, भाजीवाले, शाळेची मुलं येत असतात. पामफळांच्या ट्रकमागे तर कधीच राहू नका. त्यातून पडलेला काटेरी घड रस्त्यावर असतो.

समोरच्याने हेडलाइट मारला तर त्याचा अर्थ आपल्यासारखाच: 'मी येतोय, तू थांब.'

रस्ता, दिवसागणिक

*बँकॉक ते हुआ हिन, सुमारे 200 किलोमीटर.* हा दिवस कामाचा आहे, आनंदाचा उत्तरार्धातच. एलिव्हेटेड एक्स्प्रेसवे आणि मोटरवेवर मोटरसायकलींना बंदी आहे, बऱ्याच उड्डाणपुलांवरही. दक्षिणेला जाणाऱ्या राम 2 रस्त्यावर वर्षानुवर्षं बांधकाम चालू आहे. रविवारी पहाटे शहर सोडा. टूर कंपनी हुआ हिनपर्यंत व्हॅनने नेऊन तिथे गाडी देत असेल तर बेधडक घ्या, काही गमावत नाही. गाडीवर असाल तर समुत सोंगख्रामनंतर पेटचबुरीच्या किनाऱ्याकडे वळा. बान लाएमची मिठागरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात, एप्रिल हा मिठाचा हंगाम, आणि पांढऱ्या ढिगांच्या मधून सपाट, मोकळा रस्ता जातो.

*हुआ हिन ते प्राचुआप खिरी खान, वळण घेऊन 120.* इथून सहल सुरू होते. प्राणबुरीनंतर पेटकासेम हायवे, म्हणजे महामार्ग 4, सोडून खाओ साम रोई योटच्या उद्यानात शिरा. नावाचा अर्थ तीनशे शिखरांचा डोंगर. भातखाचरं आणि कोळंबीच्या तळ्यांमधून चुनखडीचे उभे सुळके वर आलेले. 1966 मध्ये जाहीर झालेलं हे थायलंडचं पहिलं किनारी राष्ट्रीय उद्यान. माकडं टाकीवरची बॅग उघडतात, चेन लावून ठेवा.

प्राचुआपला दोन मुक्काम करा. गाडी उभी ठेवण्याचा दिवस इथेच. आओ मनाओची चौपाटी हवाई दलाच्या तळाच्या आत आहे. गेटवर नोंद करून आत सोडतात, धावपट्टी ओलांडून समुद्रापाशी जाता येतं. 8 डिसेंबर 1941 ला जपानी सैन्य इथे उतरलं आणि या तळाने दुसऱ्या दिवसापर्यंत झुंज दिली. गावाच्या दक्षिणेला वा को आहे. राजा मोंगकुटने स्वतः गणित करून 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण इथून दिसेल असं सांगितलं, परदेशी पाहुणे बोलावले आणि ग्रहण तसंच लागलं. याच ग्रहणात आपल्याकडे गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ दुर्बीण लावून बसला होता, आणि तिथे दिसलेल्या पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमचा शोध लागला. मोंगकुटला त्या दलदलीत हिवताप झाला आणि 1 ऑक्टोबरला तो गेला. किनाऱ्यावरचं हे ठिकाण मला फार जवळचं वाटतं.

*प्राचुआप ते चुम्फोन, किनाऱ्याने सुमारे 220.* हायवे चौपदरी आणि कंटाळवाणा. लीडने हायवेनेच न्यायचं ठरवलं असेल तर आदल्या रात्री बोलून बदल करून घ्या. बांग साफानपासून पुढे नारळाच्या बागांतून, कोळीवाड्यांतून छोटे रस्ते जोडत जाता येतं. वाळू रस्त्यावर आलेली असते, विशेषतः वळणांच्या आतल्या बाजूला. हा सर्वांत लांब दिवस, पाणी जास्त घ्या.

*चुम्फोन ते रानोंग, सुमारे 120.* पाथोम फोनच्या चौकात महामार्ग 41 सुरतथानीकडे जातो, महामार्ग 4 पश्चिमेला वळतो. तुम्ही 4 धरा. हीच क्राची संयोगभूमी, म्हणजे दोन समुद्रांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, सर्वांत अरुंद जागी 44 किलोमीटर. सकाळी आखात, दुपारी अंदमानची बाजू. क्रा बुरीला खाडीकाठी संयोगभूमीची खूण आहे आणि पाण्यापलीकडे दिसतं ते म्यानमार. बदलत जाणारी हिरवाई अंगावर येते: नारळ मागे पडतो, रबर सुरू होतं. वळीव आला तर पहिली पंधरा-वीस मिनिटं थांबाच, धूळ आणि तेल वर येऊन रस्ता निसरडा होतो. रानोंगला रक्सावारिनचे गरम पाण्याचे झरे आहेत. पाय सोडून बसा, मांड्यांचा ठणका उतरतो.

*रानोंग ते खाओ लाक, सुमारे 200.* मला विचाराल तर या सहलीतला सर्वांत सुंदर रस्ता. वाहतूक कमी, जंगल रस्त्यापर्यंत, अधूनमधून खारफुटीच्या खाड्या. ताकुआ पाच्या जुन्या गावात थांबा. कथिलाच्या खाणींच्या काळातली दुमजली घरं अजून उभी आहेत. खाओ लाकला रस्त्याच्या आतल्या बाजूला पोलिसांची 813 क्रमांकाची गस्ती बोट जमिनीवर उभी आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने ती समुद्रातून इतकी आत आणून टाकली. तेव्हाच्या राजाच्या नातवाच्या संरक्षणासाठी ती तिथे होती. तो वाचला नाही. इथे इंजिनं बंद करा, ग्रुप फोटो नको.

*खाओ लाक ते पाटोंग, सुमारे 100.* मुद्दाम छोटा दिवस. खोक क्लोईनंतर पूल ओलांडला की फुकेत. बेटावर वाहतूक एकदम दाटते. पाटोंगच्या आधीची टेकडी तीव्र चढ-उताराची आणि अपघातांसाठी ओळखली जाणारी आहे. खालच्या गिअरमध्ये, इंजिन ब्रेकिंगवर उतरा. माथ्यावर एक देवस्थान आहे, तिथून जाताना स्थानिक लोक हॉर्न वाजवून नमस्कार करतात. आपल्याला हे लगेच कळतं.

जेवणाबद्दल एवढंच: शाकाहारी असाल तर पिवळ्या कापडावर लाल अक्षरांचा 'जे'चा बोर्ड ओळखायला शिका, तिथे मांस-मासे काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही. इतर ठिकाणी 'माय साय नाम प्ला' म्हणा, म्हणजे माशांचा सॉस नको.

रॅलीत

मलेशिया-सिंगापूरहून क्लब येतात, कस्टम गाड्या मांडल्या जातात, संगीत आणि मिरवणूक असते. सकाळी लवकर जा. दुपारी ऊन आणि रात्री गर्दी, सकाळी मात्र लोक आपल्या गाड्या पुसत बसलेले असतात आणि मोकळेपणाने बोलतात. टाकीचा रंग कुणी केला, एक्झॉस्ट कुठे वाकवला, हे विचारायची ती वेळ.

दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नका, बसणं तर लांबच. क्लबच्या पाठीवरच्या पॅचचे फोटो काढण्याआधी विचारा, आणि तसे दिसणारे पॅच स्वतः लावून जाऊ नका. तुमच्या ग्रुपचा बॅनर, नावाचा टी-शर्ट ठीक. राजघराण्याबद्दल गंमतीतही काही बोलू नका, कायदा फार कडक आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

मिरवणुकीत जायचं असेल तर आदल्या दिवशी क्लच केबल आणि कूलंट बघून घ्या. तास-दीड तास पहिल्या गिअरमध्ये उन्हात चालवताना बिघाड इथेच होतो. आणि संध्याकाळी बिअर घ्यायची असेल तर गाडी हॉटेलवर. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम आहे, रॅलीच्या दिवसांत नाकाबंदी असते, आणि नशेत झालेल्या अपघाताला प्रवास विमा सहसा भरपाई देत नाही.

गाडी परत करताना

सकाळी नळाखाली गाडी धुवा. खाऱ्या वाऱ्याने चेनवर आणि एक्झॉस्टच्या जोडांवर तांबूस थर आलेला असतो, आणि तोच दाखवून काही दुकानं अनामत कापायला बघतात. चेनला तेल लावा. परत देताना दुकानदारासमोर, दिवसाउजेडी, पहिल्या दिवसाचा व्हिडिओ उघडून एकेक ओरखडा पडताळा. म्हणून परतीचं विमान संध्याकाळचं असावं, पहाटेचं नव्हे. अनामत कार्डावर अडवलेली असेल तर ती सोडल्याची पावती ईमेलवर मागा. रोख दिली असेल तर तिथेच मोजून घ्या.

वाटेत कुठे पडला असाल, खरचटलं असेल, तर ज्या गावात घडलं तिथल्या पोलिसांचा अहवाल आणि हॉस्पिटलची इंग्रजी बिलं त्याच दिवशी घ्यायला हवीत. फुकेतला आल्यावर ती मिळवणं अवघड जातं, आणि भारतात परतल्यावर विमा कंपनी सर्वांत आधी हेच दोन कागद मागते.